न आलेल्या रुग्णाची नोंद



१ मे २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटासाठी कोरोनाची लस खुली झाली. मुंबईत पहिल्या दिवशी त्यासाठी पाच केंद्रे होती आणि त्यांत आपल्या उपनगरांतली विलेपार्ल्याचे कूपर, मरोळचे सेव्हन हिल्स आणि घाटकोपरचे राजावाडी ही रुग्णालये होती. थेट केंद्रावर जाऊन नाव घालायची सोय या वयोगटाला नव्हती. कोविन संकेतस्थळावर नोंदणी करायची, मोबाइलवर आलेला ओटीपी घालायचा, केंद्र निवडायचे, वेळ निवडायची. वेळा खुल्या होत आणि बघता बघता संपत. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि गाडी होती, त्यांतल्या अनेकांनी ठाणे-पालघरच्या ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि तिकडे जाऊन लस घेऊन आले. त्या गावांतल्या लोकांना मात्र आपल्याच केंद्रावर लस मिळेना. संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते, मराठी आणि इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने या ऑनलाइन सक्तीबद्दल केंद्र सरकारला खडे बोल सुनावले. आता, लस मुळातच कमी होती, महाराष्ट्राने मेच्या दुसऱ्या आठवड्यातच या वयोगटाचे लसीकरण थांबवले, हे खरे. टंचाई कोविनने आणली नव्हती. पण त्या टंचाईत आधी कोणाला मिळणार याचा निकाल कोविनच्या रचनेने लावला, आणि ती रचना करताना लस टोचणाऱ्या नर्सला किंवा टोचून घेणाऱ्या रिक्षावाल्याला कोणी विचारल्याचे दिसत नाही.

त्या दिवसांत संगणकाच्या पडद्यावर काय दिसत असेल याचा विचार करा. जेवढ्या वेळा उपलब्ध, तेवढ्या भरलेल्या. जेवढे डोस दिले, तेवढ्यांची नोंद. गैरसोयीचा मागमूस नाही. कारण ज्याचा ओटीपी वेळेत आला नाही, जिला इंग्रजी फॉर्म उमगला नाही, ज्याच्या घरातला एकमेव स्मार्टफोन मोठा मुलगा कामावर घेऊन गेला, ती माणसे त्या पडद्यावर उमटतच नाहीत. दवाखान्याच्या खिडकीशी असे होत नाही. केसपेपर काढायला आलेला माणूस परत गेला तर कारकुनाला दिसतो, सिस्टरला दिसतो, दारावरच्या शिपायाला दिसतो. ओरडला तर सगळ्या ओपीडीला ऐकू जातो. ऑनलाइन सेवेतून परत गेलेला माणूस कोणालाच दिसत नाही. आज मला जे मांडायचे आहे ते एवढेच आहे : सार्वजनिक आरोग्याच्या ऑनलाइन सेवेचे अपयश तिच्या स्वतःच्या आकड्यांत सापडत नाही, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांना विचारणे हे ती सेवा मोजण्याचे एक साधन आहे. शिष्टाचार म्हणून, लोकशाहीची शोभा म्हणून सल्लामसलत करावी असे मी म्हणत नाही. तेही बरेच आहे, पण त्यासाठी एक संध्याकाळ खर्ची घालण्याची गरज नव्हती.

या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा क्षयरोगाच्या उपचारांतून मिळतो. क्षयाची गोळी पूर्वी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन घ्यावी लागे. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे किती जाचक होते ते सांगायला नको. पुढे रोजच्या गोळ्यांची पद्धत आली आणि त्याच सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात एक युक्ती निघाली. तिचे नाव ‘नाइंटीनाइन डॉट्स’. गोळ्यांची पट्टी एका छापील कागदी वेष्टनात बसवलेली असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्या मागे दडलेला टोल-फ्री क्रमांक उघडा पडतो. आज कोणता क्रमांक उघडेल हे रुग्णाला आधी ठाऊक नसते, यंत्रणेला ठाऊक असते. त्या क्रमांकावर फोन लावायचा, पैसे पडत नाहीत. फोन लागला की आजची गोळी घेतली अशी नोंद होते. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, केंद्रावर हेलपाटा नको. कल्पना म्हणून इतकी देखणी गोष्ट आपल्याकडच्या आरोग्यसेवेत क्वचित आली असेल. आणि ती रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठीच योजलेली होती, हेही मान्य करायला हवे.

नंतर चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथे ही पद्धत तपासली. रुग्णांच्या घरी न कळवता जायचे, लघवीत औषधाचा अंश आहे का ते पाहायचे आणि यंत्रणेतल्या नोंदीशी ताडून बघायचे. २०२० साली छापून आलेला निष्कर्ष असा की दोन्हींत म्हणावा तसा मेळ नव्हता. अनेकांनी गोळी घेतली होती पण फोन केला नव्हता, आणि ज्यांच्या खात्यावर गोळी जमा होती त्यांतल्या काहींच्या शरीरात औषध नव्हते. इथवरचे काम लघवीच्या तपासणीने केले. पण असे का झाले, हे तपासणी सांगू शकत नव्हती. ते कळले रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून. फोन घरात एक, तो दुसऱ्याच्या हातात. रेंज नाही. बारीक आकडे वाचता येत नाहीत. घरच्यांना, शेजाऱ्यांना आजार कळेल ही धास्ती. सुरुवातीला केले फोन, मग बरे वाटायला लागल्यावर राहून गेले. कर्मचारी स्वतः रुग्णाच्या वतीने गोळीची नोंद करू शकत होते, तीही एक वाट होतीच. काही रुग्ण मात्र खूश होते. कोणीतरी आपली रोज दखल घेते आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणजे एकाच सोयीचे घराघरांत वेगवेगळे अर्थ होते आणि त्यांतला एकही यंत्रणेच्या तक्त्यात लिहिलेला नव्हता. या मुलाखती काही फार अवघड नव्हत्या. त्या पद्धत पसरवण्याच्या आधी झाल्या असत्या तर गोळी न घेणारा रुग्ण आणि फोन न करणारा रुग्ण यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर आला असता.

यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो : कर्मचाऱ्याने रुग्णाच्या वतीने केलेली नोंद. ऑनलाइन सेवा आणि माणसाचे प्रत्यक्ष जगणे यांत जिथे जिथे फट पडते, तिथे ती फट कोणी तरी हाताने बुजवत असते, आणि हे काम नेमके सर्वांत कमी पगाराच्या बाईकडे येते. आपल्या महापालिकेच्या हेल्थ पोस्टमधल्या आरोग्य स्वयंसेविका घ्या, आशा घ्या, अंगणवाडी सेविका घ्या. दिवसभर वस्तीत फिरून वहीत टिपायचे, संध्याकाळी तेच ॲपमध्ये भरायचे. सर्व्हर डाउन असेल तर रात्री जेवणे उरकल्यावर भरायचे. लाभार्थी बाईचा आधार क्रमांक नवऱ्याच्या मोबाइलला जोडलेला असेल आणि नवरा साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये असेल, तर त्याला फोन करून ओटीपी विचारायचा. तो ओटीपी कशाचा, कोण बोलते आहे, खाते तर रिकामे होणार नाही ना, हे सगळे त्याला समजावून सांगायचे. एवढे झाले की वरच्या कार्यालयात एक हिरवी खूण उमटते. म्हणजे सेविका जितकी तत्पर, तितकी ॲपची खोड झाकली जाते. चांगल्या कर्मचाऱ्यांमुळे वाईट रचना टिकून राहते, अशी ही विचित्र अवस्था आहे. ती मोडायची तर त्या बाईलाच विचारावे लागेल.

विचारले नाही तर काय होते ते २०२१ साली महाराष्ट्राने पाहिले. अंगणवाडी सेविकांना सरकारने २०१९ मध्ये मोबाइल दिले होते. २ जीबी रॅमचे, लवकरच मान टाकणारे. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा सेविकेच्याच पदरी येई. आधीचे ॲप निदान मराठीत होते. ते बंद झाले आणि मार्च २०२१ पासून केंद्राचा पोषण ट्रॅकर आला. तो इंग्रजीत. बालकांची, गरोदर स्त्रियांची नावे इंग्रजीत भरायची. कित्येक जणींच्या मोबाइलमध्ये ते ॲप मावेना, तेव्हा स्वतःच्या फोनवर घ्या असा आग्रह सुरू झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते सरकारी मोबाइल गोळा करून प्रकल्प कार्यालयांत परत केले. मोबाइल वापसी आंदोलन या नावाने ते गाजले. त्याकडे पगारवाढीच्या आंदोलनाची पुरवणी म्हणून पाहिले गेले, पण मला ते एका सार्वजनिक सेवेचे त्या काळात झालेले सर्वांत सविस्तर परीक्षण वाटते. फोनची मेमरी, ॲपची भाषा, दुरुस्तीचा खर्च, दुबार नोंदी : एखाद्या सल्लागार कंपनीने हाच अहवाल दिला असता तर त्याचे बिल काढावे लागले असते. इथे तो फुकट मिळाला. मात्र तो मागितलेला नव्हता, म्हणून आंदोलनाच्या रूपात आला.

यावर पहिला आक्षेप अगदी तयार असतो. कर्मचारी आणि त्यांच्या संघटना नव्या कोणत्याही गोष्टीला विरोधच करणार. ऑनलाइन नोंदीमुळे कामचुकारपणा उघडा पडतो, म्हणून त्यांना ती नको असते. त्यांना विचारणे म्हणजे नकार ओढवून घेणे. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. हजेरीचा मुद्दा आला की नाना सबबी निघतात, हे कोणत्याही कार्यालयात दिसते. पण मोबाइल परत करणाऱ्या सेविकांनी मराठीत चालणारे ॲप आणि चालणारा फोन मागितला होता. कामच नको असणारा माणूस चांगले अवजार मागत नाही. शिवाय संघटना आणि संगणक यांचे वैर असते ही समजूत इतिहासाला धरून नाही. १९७० च्या सुमारास नॉर्वेत क्रिस्टन न्यूगोर हे संगणकशास्त्रज्ञ लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. कारखान्यात येणारा संगणक आपल्या कामाचे काय करणार हे कामगारांनी समजून घेतले, त्यावर आपली मते बनवली, आणि त्यातून अशा यंत्रणांबाबत बोलण्यासाठी कामगारांचे प्रतिनिधी नेमण्याचे करार झाले. पुढे याच परंपरेतले ऑस्लो विद्यापीठातले लोक नव्वदच्या दशकात वर्णद्वेषातून नुकत्याच सुटलेल्या दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर आकडेवारीची एक प्रणाली उभी करू लागले. तिची पुढची आवृत्ती, डीएचआयएस-टू, आज जगातल्या अनेक देशांची आरोग्य खाती वापरतात. कामगार संघटनेच्या बैठकीतून निघालेली वाट अशी आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली.

दुसरा आक्षेप वेळेचा. साथ दारात असताना बैठका कसल्या घेता? याला उत्तर म्हणून मी मुंबईकडेच बोट दाखवीन. जून २०२० मध्ये महापालिकेने खाटांचे वाटप एका मध्यवर्ती क्रमांकावरून काढून चोवीस वॉर्डांच्या वॉर रूममध्ये नेले. मुलुंडच्या रुग्णाला मुलुंडच्या टी वॉर्डातून फोन जाऊ लागला. कोणती गल्ली अरुंद, कोणत्या चाळीत संडास सामायिक, कुठे रुग्णवाहिका आत जात नाही, ही माहिती असलेल्या माणसांकडे निर्णय गेला. इथे औपचारिक सल्लामसलत झाली नव्हती, पण स्थानिक माहिती यंत्रणेत शिरायला दार मिळाले, आणि ते घाईच्याच दिवसांत मिळाले. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी लस द्यावी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवावी लागली. अखेर जुलै २०२१ च्या शेवटी महापालिकेने अंधेरी पूर्व-जोगेश्वरीच्या के पूर्व वॉर्डात ते सुरू केले, आणि नावनोंदणी मागवली ई-मेलवर. ज्यांना कुशीवर वळायला माणूस लागतो त्यांना ई-मेल करायला सांगितले गेले! घरी नातवंडे असलेल्यांचे निभले असेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे काय? त्या वॉर्डात हेल्थ पोस्ट आहेत आणि कोणत्या घरात कोण खिळून आहे हे तिथल्या स्वयंसेविकांना सांगता आले असते. त्यांना विचारायला दोन दिवस पुरले असते. न विचारल्यामुळे वेळ वाचतो हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. मोबाइल परत घ्यायला, न्यायालयात प्रतिज्ञापत्रे करायला, संकेतस्थळाची भाषा मागाहून बदलायला जो वेळ जातो तो त्यात धरलेला नसतो.

सरकार विचारतच नाही असेही नाही. कसे विचारते ते बघण्यासारखे आहे. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाच्या माहिती-व्यवस्थापन धोरणाचा मसुदा २६ ऑगस्ट २०२० रोजी खुला झाला. लोकांच्या आजारपणाची माहिती कोण, कशी साठवणार याविषयीचा हा मसुदा. हरकतींसाठी मुदत होती ३ सप्टेंबरपर्यंत. ऐन साथीत आठवडाभर. केंद्राच्याच २०१४ च्या धोरणानुसार कायद्याच्या मसुद्यांना किमान तीस दिवस द्यायला हवेत. ओरड झाल्यावर मुदत आधी १० आणि मग २१ सप्टेंबर झाली. पण मुदत वाढवून काय होणार? लांबलचक इंग्रजी मसुदा वाचून ऑनलाइन हरकत नोंदवणारे कोण असतात? वकील, कंपन्या, थोड्या स्वयंसेवी संस्था. ऑनलाइन सेवेतून वगळले गेलेल्यांचे मत ऑनलाइन मागवले तर वगळले न गेलेलेच उत्तरे देतात, आणि मग सर्वेक्षणात सगळे ठीक दिसते. सेवा वापरून झाल्यावर पाचपैकी किती तारे, असे विचारणारी खिडकीही याच जातीची आहे. जो शेवटच्या पानापर्यंत पोचला त्यालाच ती दिसते.

तिसरा आक्षेप जास्त सभ्य आहे आणि म्हणून जास्त अवघड. बहुसंख्य लोकांना या सेवा आवडतात. काही वर्षांत सगळ्यांकडे फोन असतील. तोवर थोड्यांची गैरसोय होईल, ती सोसावी. पहिला भाग खरा आहे. २०२२ पासून सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचे टोकन मिळू लागले आहे. केसपेपरच्या रांगेतला तेवढा वेळ वाचला तर नको कोण म्हणेल? टोकननंतर डॉक्टरच्या दाराशी आणि औषधाच्या खिडकीशी किती वेळ गेला हे टोकनच्या संख्येत नसते, एवढे फक्त ध्यानात ठेवावे. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला शंका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या ३३ टक्के. हे आकडे वाढतील. पण आरोग्यसेवेला लागणारी माणसे ही सरासरी माणसे नसतात. आजारी, म्हातारी, बाळंतीण, दृष्टी गेलेली, परप्रांतातून नुकती आलेली माणसेच दवाखान्यात जास्त येतात. बँकेला दहातले नऊ ग्राहक पुरतात. आरोग्य खात्याला तो दहावाच हवा असतो, कारण क्षय त्याच्याकडे असतो आणि तो त्याच्यापुरता राहत नाही.

रुग्णांच्या जगण्यापासून सुरुवात करून तंत्र बसवता येते, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या अरमान संस्थेने २०१४ मध्ये ‘एममित्र’ सुरू केले. महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांची नावे तिथेच घ्यायची आणि त्यांना फोनवर आवाजी संदेश पाठवायचे. वाचायला काही नाही. भाषा बाईने निवडायची, आणि फोन कोणत्या वेळी यावा तेही तिने सांगायचे. घरातला फोन तिच्या हाताशी कधी असतो हे तिलाच ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट रचनेच्या मुळाशी आहे. तरीही मध्येच ऐकणे सोडणाऱ्या बायका असतातच. त्या कोण, का सोडतात, यावर संस्थेला पुढे बरेच काम करावे लागले. मला यातले यश जितके महत्त्वाचे वाटते तितकेच हे सोडून गेलेल्यांच्या मागे जाणेही वाटते.

मग विचारायचे कसे? आपल्याकडे याचा नमुना आहे, बाहेरून आणायला नको. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे, आणि राज्य पातळीवर समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेचा. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरत, सेवेला चांगली, मध्यम, वाईट असे रंग देत, आणि मग जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. अधिकाऱ्यांना ते सुखाचे नव्हते. पण औषधे बाहेरून आणायला सांगणे, कर्मचारी जागेवर नसणे अशा गोष्टी त्यातून वेशीवर टांगल्या गेल्या. शहरात हे नीट आलेच नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात वस्त्यांमध्ये महिला आरोग्य समित्या आहेत, त्यांच्यापुढे ॲपचा विषय ठेवायला कोणाची हरकत नसावी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे नगरसेवकच नव्हते; त्या काळात तक्रारीचे नेहमीचे दारही बंद होते, म्हणून तर या समित्यांची आठवण जास्त होते.

व्यवहाराचे बोलायचे तर गोष्टी फार नाहीत, पण त्यांचा क्रम चुकता कामा नये. विचारणा निविदा काढण्याआधी हवी, कारण निविदा निघाल्यावर कंपनीला जे सांगितले तेच ती बनवते आणि बदल म्हटला की जादा पैसे मागते. स्वयंसेविकांना त्यांच्या कामाच्या वेळेत आणि त्या वेळेचे पैसे देऊन बोलवायला हवे. रविवारी बिनपगारी बोलवून वर मत मागणे हा नवा भुर्दंड झाला. वरिष्ठ खोलीत नसावेत. ॲपची पहिली चाचणी मंत्रालयातल्या वायफायवर न करता घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, जुन्या फोनवर, पावसाळ्यात करावी. आणि रुग्णांपैकी आलेल्यांना विचारून थांबू नये : उपचार अर्धवट सोडलेल्यांची, लसीला न आलेल्यांची, नाव नोंदवून परत न फिरकलेल्यांची यादी हेल्थ पोस्टच्या रजिस्टरात असते, तीतून वॉर्डागणिक वीस-पंचवीस घरी जावे. एवढ्या नमुन्यावर संख्याशास्त्र उभे राहत नाही, ते उभे करायचेही नाही. दार कुठे अडते ते कळायला वीस घरे पुष्कळ झाली.

शेवटी, काय ऐकले आणि त्यातले काय नाकारले हे मराठीत छापून त्याच हेल्थ पोस्टच्या भिंतीवर लावावे. सगळ्या सूचना मान्य होणार नाहीत. काही एकमेकींविरुद्ध असतील, काही पैशांअभावी जमणार नाहीत, काही चुकीच्याही असतील. आशाला नोंदी कमी हव्या असतात आणि साथरोग विभागाला जास्त. दोघांचेही बरोबर असू शकते. नाकारण्याचा अधिकार खात्याचा आहे, मात्र कारण लिहून देण्याचे बंधन त्याच्यावर असावे आणि सहा महिन्यांनी त्याच बायकांपुढे ते कारण पुन्हा वाचले जावे. तोपर्यंत केसपेपरची खिडकी बंद करू नये.